ऑनलाइन दुकान लाइव्ह करण्याआधी

छोटं ऑनलाइन दुकान दिसायला लवकर तयार होतं. थीम निवडली, फोटो चढवले, किमती टाकल्या की आता फक्त लिंक पाठवायची बाकी आहे असं वाटायला लागतं. पण अनोळखी माणूस आपल्या भरवशावर कार्डाचा नंबर टाकणार असेल, तर त्याआधी करायची कामं बरीच आहेत आणि त्यातली बहुतेक पडद्यावर दिसत नाहीत. ती इथे साधारण ज्या क्रमाने करावीत त्याच क्रमाने मांडली आहेत. सगळ्यांच्या मुळाशी एकच आग्रह आहे: ग्राहकाची जी माहिती आपल्याला लागत नाही ती आपल्याकडे येऊच द्यायची नाही, आणि पैसे मिळाले की नाही हे ग्राहकाच्या ब्राउझरच्या सांगण्यावरून ठरवायचं नाही.

सुरुवात डोमेनपासून, म्हणजे साइटच्या पत्त्यापासून, करा. डोमेन तुमच्या स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर नोंदलेलं हवं. साइट बनवून देणारा सोयीसाठी ते स्वतःच्या खात्यातून घेतो, आणि पुढे त्याच्याशी संपर्क तुटला की दुकानाचं नावच दुसऱ्याच्या हातात राहतं. नोंदणीसाठी दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेन बंद पडलं तर ते परत मिळवण्याचं पत्रही तुमच्यापर्यंत पोचणार नाही. ऑटो-रिन्यूअल चालू ठेवा, त्याला जोडलेल्या कार्डाची मुदत पाहून घ्या, ट्रान्सफर लॉक (डोमेन परस्पर दुसरीकडे हलवता येऊ नये म्हणूनचं कुलूप) लावा. डॉट कॉमसारख्या डोमेनला मुदत संपून ते रद्द झाल्यावरही ३० दिवस सोडवून घेण्याची सवलत असते, पण त्याचे पैसे जास्त पडतात आणि तोवर साइट व ईमेल दोन्ही बंद असतात. डोमेन, होस्टिंग (साइट ठेवण्याची सर्व्हरवरची जागा), गेटवे (ग्राहकाचे पैसे घेऊन आपल्यापर्यंत पोचवणारी सेवा) आणि मुख्य ईमेल या चारही खात्यांना वेगळे पासवर्ड आणि टू-फॅक्टर (पासवर्डशिवाय दुसरी खूण मागणारं लॉगिन) हवंच. त्यातही ईमेल सर्वांत आधी, कारण बाकीच्यांचे पासवर्ड तिथूनच रीसेट होतात.

होस्टिंग निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: सर्व्हरचे अपडेट कोण करणार? याचं उत्तर एखाद्या ठरावीक माणसाच्या नावाने देता येत नसेल, तर स्वतःचा व्हीपीएस (आपणच सांभाळायचा भाड्याचा सर्व्हर) घेऊ नका. शॉपिफायसारखा तयार प्लॅटफॉर्म किंवा अपडेटची जबाबदारी उचलणारं मॅनेज्ड होस्टिंग घ्या. त्याचे जास्तीचे पैसे म्हणजे तुमच्या झोपेच्या वेळात कुणीतरी जागं असण्याचे पैसे आहेत. वर्डप्रेसवर दुकान चालवणारं वूकॉमर्स हा चांगला पर्याय आहे, मात्र वर्डप्रेस, थीम आणि प्रत्येक प्लगइन या तिन्हींचे अपडेट नेमाने होणार असतील तरच. मॅजेंटो १ या दुकानाच्या सॉफ्टवेअरचा अधिकृत पाठिंबा जून २०२० मध्ये संपला, तरी कितीतरी दुकानं त्यानंतरही त्यावरच चालत राहिली आणि कार्डचोरांनी नेमकी तीच हेरली. निवडलेलं सॉफ्टवेअर किती वर्षं सांभाळलं जाणार आहे, हे घेण्याआधीच पाहा.

संपूर्ण साइट एचटीटीपीएसवर (ब्राउझर आणि साइट यांच्यातली देवाणघेवाण सांकेतिक करणाऱ्या पद्धतीवर) हवी, फक्त चेकआउटचं पान नव्हे. त्यासाठी लागणारं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या सेवेकडून फुकट मिळतं आणि बहुतेक होस्ट ते आपोआप बसवतात. ते ९० दिवसांचं असतं, त्यामुळे नूतनीकरण आपोआप होतंय का हे तपासणं हेच खरं काम. मुदत संपत आल्याचे इशारे ही सेवा पूर्वी ईमेलने पाठवत असे; जून २०२५ पासून ते इशारे बंद झाले आहेत, तेव्हा लक्ष ठेवणारी वेगळी सेवा लावा. विकतची सर्टिफिकेटंही आता अल्पायुषी होत चालली आहेत: १५ मार्च २०२६ पासून कमाल मुदत २०० दिवस आणि २०२९ पासून ४७ दिवस, असं वेळापत्रक ठरलेलं आहे. हाताने सर्टिफिकेट बदलत बसण्याचे दिवस संपले. होस्टला इतकंही विचारा की एचटीटीपीएसमागच्या टीएलएस या पद्धतीच्या १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या बंद आहेत ना; २०२१ मध्येच ती कालबाह्य ठरवली गेली आहेत.

आता पैशांकडे. कार्डाचा नंबर आणि सीव्हीव्ही (कार्डावरचा छोटा गुप्त आकडा) आपल्या सर्व्हरला शिवताच कामा नये. असा गेटवे घ्या ज्याचं पैसे भरायचं पान त्याच्याच सर्व्हरवर उघडतं आणि आपल्याकडे फक्त व्यवहाराचा क्रमांक व निकाल येतो. व्हिसा, मास्टरकार्ड, अमेरिकन एक्सप्रेस, डिस्कव्हर आणि जेसीबी यांनी २००६ साली स्थापलेली परिषद पीसीआय डीएसएस ही कार्डांच्या सुरक्षेची नियमावली सांभाळते, आणि ती कार्ड स्वीकारणाऱ्या प्रत्येक दुकानाला लागू आहे, दुकान केवढंही असो. सगळं काम गेटवेवर सोपवलेल्या दुकानाला त्यातली ‘एसएक्यू ए’ ही छोटी प्रश्नावली पुरते. कार्डाचे तपशील स्वतःच्या सर्व्हरवरून नेणाऱ्याच्या वाट्याला ‘एसएक्यू डी’ येते, जी कितीतरी पटींनी मोठी आहे. व्यवहार मंजूर झाल्यानंतर दुकानाने सीव्हीव्ही साठवायला तर साफ मनाई आहे, एन्क्रिप्ट करूनसुद्धा. एखादा ग्राहक भाबडेपणाने कार्डाचा फोटो मेसेजवर पाठवतो. तो लगेच डिलीट करा, त्याला पेमेंट लिंक पाठवा, आणि नंबर कुठेही टिपून ठेवू नका.

गेटवेचं पान असलं तरी आपल्या पानावरच्या स्क्रिप्टची (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडची) जबाबदारी आपलीच. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या साइटवर हल्लेखोरांनी एका जावास्क्रिप्ट फाइलमध्ये थोड्या ओळी घुसवल्या, आणि लोकांनी टाइप केलेले कार्डाचे तपशील परस्पर दुसऱ्या सर्व्हरवर जात राहिले. चार लाखांहून अधिक लोकांची माहिती या घटनेत धोक्यात आली, आणि २०२० मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी कंपनीला २ कोटी पौंडांचा दंड केला. इतक्या मोठ्या कंपनीच्या हे वेळेत लक्षात आलं नाही, तर आपण चेकआउटच्या पानावर चॅटची खिडकी, जाहिरातीचे ट्रॅकर आणि सणाची रोषणाई कशाला ठेवायची? त्या पानावर कोणत्या स्क्रिप्ट चालतात याची यादी करा आणि जिचं कारण सांगता येत नाही ती काढून टाका.

सर्वांत जास्त वेळ द्यायचा तो ऑर्डर ‘पेड’ ठरवण्याच्या कामाला. काय घडू शकतं ते पाहा. ग्राहकाने पैसे भरले, बँकेचा ओटीपी टाकला, आणि ‘धन्यवाद’चं पान उघडण्याआधीच त्याच्या फोनची रेंज गेली. पैसे कापले गेले, आपल्याकडे ऑर्डर मात्र ‘पेंडिंग’. उलट बाजूने, एखादा लबाड माणूस पैसे न भरता ‘धन्यवाद’च्या पानाचा पत्ता ब्राउझरमध्ये हाताने टाकतो आणि आपण माल पाठवून मोकळे होतो. दोन्हींचा उपाय एकच: वेबहुक. गेटवेचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला थेट जो निरोप पाठवतो, त्यावरूनच ऑर्डर पुढे न्यायची.

हा निरोप आल्या आल्या आधी त्याची सही, म्हणजे तो खरंच गेटवेकडून आला आहे हे पटवणारी सांकेतिक खूण, तपासा. सही मूळ मजकुरावर केलेली असते. साइटच्या फ्रेमवर्कने (तयार कोडच्या चौकटीने) तो जेसन या माहितीच्या मांडणीतून उलगडून परत बांधला की एखाद्या स्पेसच्या फरकानेही ती जुळत नाही, आणि मग वैतागून लोक तपासणीच बंद करतात. तसं करू नका, मूळ मजकूर आहे तसा वाचा. मग रक्कम आणि चलन आपल्या डेटाबेसमधल्या ऑर्डरशी ताडून पाहा. तोच निरोप दोनदा येऊ शकतो, म्हणून त्याचा क्रमांक साठवा आणि दुसऱ्यांदा आला तर काही न करता ‘मिळाला’ एवढं उत्तर द्या. हे उत्तर झटपट जायला हवं; ईमेल पाठवणं, पावती बनवणं ही कामं मागाहून. वेबहुक पोचलाच नाही अशीही वेळ येते. त्यासाठी ठरावीक वेळाने पेंडिंग ऑर्डरींची स्थिती गेटवेला विचारणारं छोटं काम लावून ठेवा.

किंमतही ब्राउझरकडून घ्यायची नाही. ग्राहकाकडून फक्त वस्तूचा क्रमांक आणि नग येऊ द्या. बेरीज, सवलत आणि डिलिव्हरीचा खर्च सर्व्हरने काढायचा. रक्कम चलनाच्या सर्वांत लहान एककात, पूर्णांकात ठेवा. दशांशात ठेवलीत तर ०.१ आणि ०.२ ची बेरीज संगणक ०.३०००००००००००००००४ अशी देतो, आणि हिशेब जुळवताना असले फरक फार छळतात. गेटवेची सीक्रेट की (आपल्या सर्व्हरची ओळख पटवणारी गुप्त किल्ली) फक्त सर्व्हरवर असावी. पानाच्या कोडमध्ये किंवा गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साठ्यात) ती चुकूनही गेली तर लगेच रद्द करून नवी घ्या.

लहान दुकानाकडे कोण लक्ष देणार, असं समजू नका. चोरलेल्या कार्डांपैकी कोणती चालू आहेत हे पाहायला चोर लहान दुकानांवरच बारीक रकमेचे व्यवहार धडाधड करून बघतात. एका आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरच्या एका जोडणीवरून) किती प्रयत्न करता येतील याला मर्यादा घाला, अयशस्वी झालेले व्यवहार अचानक वाढले तर सूचना येईल अशी सोय करा, आणि थ्री-डी सिक्युअर (ओटीपीसारखी बँकेची खातरजमा) चालू ठेवा. ग्राहकाची खातरजमा त्याच्या बँकेने केलेली असेल, तर फसवणुकीच्या तक्रारीचा भार सहसा दुकानावर पडत नाही. ‘माल मिळालाच नाही’ अशा चार्जबॅकसाठी (ग्राहकाने बँकेमार्फत पैसे परत मागण्यासाठी) मात्र डिलिव्हरीचा पुरावा आपल्यालाच द्यावा लागतो, तो पहिल्या दिवसापासून जपा.

बॅकअप रोज, आपोआप आणि होस्टच्या बाहेर. १० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच क्लाउडचं डेटा सेंटर आगीत जळालं, तेव्हा ज्यांचे बॅकअपही त्याच जागी होते त्यांच्या हाती काहीच उरलं नाही. बॅकअप घेतल्यावर तो एका रिकाम्या जागी उतरवून दुकान खरंच उभं राहतं का हे एकदा करून पाहा. असा उतरवून न पाहिलेला बॅकअप हा बॅकअप धरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑर्डरचे ईमेल स्पॅममध्ये जाऊ नयेत म्हणून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी (ईमेल खरंच आपल्या डोमेनवरून आला हे पटवणाऱ्या) डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सेटिंग्जमध्ये, करा. खातं न उघडता खरेदी करू द्या. पासवर्ड साठवावेच लागले तर आर्गॉन२ किंवा बीक्रिप्ट या पद्धतींनी हॅश करून, म्हणजे मूळ पासवर्ड परत काढता येणार नाही अशा रूपात. माल परत घेण्याचे नियम, डिलिव्हरीची मुदत आणि संपर्काचा पत्ता चेकआउटआधी सापडतील असे ठेवा. बहुतेक गेटवे खातं मंजूर करण्याआधी हीच पानं तपासतात.

शेवटी स्वतःच्या कार्डाने खरी ऑर्डर द्या, टेस्ट मोडमध्ये नव्हे. एकदा पैसे भरून ‘धन्यवाद’चं पान यायच्या आत ब्राउझर बंद करा आणि ऑर्डर आपोआप ‘पेड’ होते का पाहा. एकदा मुद्दाम चुकीचा ओटीपी टाका. एकदा अर्धा रिफंड द्या. दोन फोनवरून एकाच वेळी शेवटचा नग विकत घेऊन बघा. बँकेच्या विवरणात दुकानाचं नाव ओळखू येईल असं छापलं जातंय का, हेही तपासा. ग्राहकाला ते ओळखता आलं नाही तर तो थेट बँकेकडे तक्रार करतो. वेबहुकचं सीक्रेट टेस्टमध्ये वेगळं आणि लाइव्हमध्ये वेगळं असतं, ते बदललंय ना याची खात्री करा. चाचणीसाठी बनवलेली वस्तू आणि शंभर टक्के सवलतीचं कूपन डिलीट करा. पहिले काही आठवडे रोज गेटवेचा जमाखर्च, आपल्या ऑर्डरी आणि बँकेत आलेली रक्कम शेजारी शेजारी ठेवून जुळवा. गेटवे आपलं शुल्क कापून पैसे पाठवतो, त्यामुळे ते शुल्क वेगळ्या रकान्यात लिहा.