ॲलर्जीची त्वचा-चाचणी पहिल्यांदा वाया का गेली (माझा अनुभव)

रोज सकाळी अंथरूण झटकलं की वीस-पंचवीस शिंका, नाक गळणं, डोळ्यांना खाज. तीन वर्षं हेच.

वाफ, काढा, सेटिरिझिन (ॲलर्जीची गोळी) झालं. मग रक्ताची लांबलचक ॲलर्जी तपासणी केली. त्यात वांग्यापासून गव्हापर्यंत पॉझिटिव्ह! सहा महिने चपाती सोडली, शिंका तेवढ्याच.

शेवटी प्रिक टेस्ट (हातावर संशयित पदार्थांचे थेंब ठेवून हलकं टोचायची त्वचा-चाचणी) करणारे डॉक्टर शोधले. कान-नाक-घसा आणि छातीच्या डॉक्टरांकडे फोनवर दोनच प्रश्न विचारले: प्रिक टेस्ट स्वतः करता का, आणि रिॲक्शन आली तर ॲड्रेनलिन (गंभीर ॲलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन) हाताशी असतं का?

पहिली चाचणी फुकट गेली. चाचणी नीट चालतेय का हे बघायला हिस्टामिनचाही (ॲलर्जीत शरीरात सुटणारं रसायन) एक थेंब टोचतात; त्याला प्रत्येकाच्या हातावर गांधी उठायलाच हवी. माझ्या हातावर काही नाही. दोन दिवसांपूर्वी घेतलेली सर्दीची गोळी नडली, तिच्यात क्लोरफेनिरामिन होतं, तेही सेटिरिझिनसारखंच हिस्टामिनचा परिणाम दाबतं.

दुसऱ्या वेळी डॉक्टरांना विचारून सेटिरिझिन ७ दिवस आधी बंद. सर्दी-खोकल्याची गोळी, सिरपसुद्धा नाही. दम्याचा पंप मात्र चालूच. घरातल्या सगळ्या औषधांची पाकिटं पिशवीत घालून नेली. त्या दिवशी हातांना क्रीम लावलं नाही, नाश्ता करून गेलो.

१५ मिनिटांत हिस्टामिनची गांधी उठली, शेजारी धुळीतल्या किड्याची (माइट) त्याहून मोठी. गहू, वांगं सपाट.

आता गादी-उशीला माइटरोधक खोळी, चादरी दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात. सकाळी शिंका दोन-तीन. चपाती परत ताटात.