कंट्रोलर बिघडलेला नसतो, त्याची जुनी सोयरीक सुटलेली नसते: हँडहेल्डला जोडताना या चुका टाळा

गेल्या दिवाळीत मावसभाऊ स्टीम डेक, म्हणजे हातात धरून खेळायचं गेमिंग यंत्र (हँडहेल्ड), घेऊन घरी आला. आतल्या खोलीत त्याने डेक उशीला टेकवून उभा केला, माझ्या पीएस4 चा (प्लेस्टेशन 4 चा) कंट्रोलर, डुअलशॉक, उचलला आणि मधलं पीएसचं बटण दाबलं. डेक ढिम्म. पुन्हा दाबलं. तेवढ्यात बाहेरून आजीचा आवाज आला, "अरे, टीव्ही कोणी लावला?"

हॉलमधला पीएस4 जागा झाला होता आणि त्याच्या मागोमाग टीव्हीही. इकडे भाऊ म्हणतोय, "दादा, तुझा कंट्रोलर गेलाय," आणि मोबाईलवर नव्याच्या किमती बघायलाही लागलाय.

घरातले, मित्रांचे, शेजारच्या पोरांचे मिळून वीस-पंचवीस कंट्रोलर तरी मी असे जोडून दिले असतील. त्यात खरोखर बिघडलेले दोन निघाले. बाकी सगळे ठणठणीत होते, फक्त जुन्या घरी नांदत होते. म्हणून नवा घेण्याआधी पुढच्या गोष्टी एकदा तपासा.

पहिली आणि सर्वांत मोठी चूक: नुसतं मधलं बटण दाबणं

मधलं बटण म्हणजे ओळखीच्या यंत्राला मारलेली हाक. कंट्रोलर शेवटी ज्याच्याशी जोडला होता, त्यालाच तो शोधतो. समोर दुसरं यंत्र ब्लूटूथ उघडून बसलं असलं तरी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. नवी जोडी जमवायची तर कंट्रोलर पेअरिंगच्या अवस्थेत न्यावा लागतो आणि त्याची रीत प्रत्येकाची वेगळी आहे.

डुअलशॉक 4 वर शेअर आणि पीएस ही दोन्ही बटणं एकदम धरून ठेवायची. पीएस5 च्या डुअलसेन्सवर शेअरच्या जागी क्रिएट बटण आहे, बाकी तेच. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला वरच्या कडेला, केबल लावतात तिथे, छोटं पेअरचं बटण असतं, ते दाबून धरायचं. निन्टेन्डो स्विचच्या प्रो कंट्रोलरलाही तसंच वरच्या कडेला बारीक बटण असतं. जॉय-कॉनचं, म्हणजे स्विचच्या दोन बाजूंना लागणाऱ्या छोट्या कंट्रोलरचं, मात्र लवकर सापडत नाही. ते कन्सोलमधून काढल्यावर आतल्या पट्टीवर, एसएल आणि एसआर या दोन बटणांच्या मधोमध असतं.

बोट कधी उचलायचं हे दिव्यावरून कळतं. डुअलशॉकची पट्टी ठरावीक संथ लयीत नव्हे, तर भराभर, दोन-दोन झपाटे मारल्यासारखी लुकलुकायला लागली की समजा तो नव्या स्थळासाठी तयार आहे. संथ लुकलुकत असेल तर अजून जुन्यालाच शोधतोय. आमच्या भावाने बटण दोनच सेकंद धरलं होतं. पाच-सहा सेकंद धरा, घाई नको.

घरात कन्सोल असेल तर आणखी एक काळजी घ्या. जोडणी होईपर्यंत त्याची वायर भिंतीतूनच काढून ठेवा, नाहीतर चुकून मधलं बटण दाबलं गेलं की तो जागा होऊन कंट्रोलर परत ओढून घेतो. डुअलसेन्स असेल तर 2025 च्या सप्टेंबरमधल्या अपडेटनंतर ही कटकट बरीच कमी झाली आहे. आता तो चार यंत्रं लक्षात ठेवतो. पीएसच्या बटणाबरोबर त्रिकोण, गोल, फुली किंवा चौकोन यांपैकी एक धरून ठेवलं की त्या बटणाच्या नावावर एक यंत्र नोंदवलं जातं. एक्सबॉक्सचा 2020 नंतरचा कंट्रोलर कन्सोल आणि एक ब्लूटूथ यंत्र अशा दोघांना सांभाळतो. पेअरचं बटण पटकन दोनदा दाबलं की एकाकडून दुसऱ्याकडे जातो.

इतकं करूनही अडलंच, तर दोन्ही बाजूंनी पाटी कोरी करा. हँडहेल्डच्या ब्लूटूथच्या यादीत जुनं नाव दिसत असेल तर ते 'फॉरगेट' करून टाका. यादीत नाव आहे पण जोडलं जात नाही, ही स्थिती सर्वांत फसवी, कारण आपण समजतो निम्मं काम झालंय. मग प्लेस्टेशनचा कंट्रोलर उलटा करा. पाठीवर बारीक छिद्र दिसेल. त्यात सिमकार्ड काढायची पिन घालून पाच-एक सेकंद दाबा. आत हलकीशी टिक लागते. त्यानंतर पेअरिंग पहिल्यापासून करा.

दिसायला एक्सबॉक्स, पण ब्लूटूथच नाही

ही चूक जुना कंट्रोलर विकत घेताना होते आणि मग तासन् तास ब्लूटूथ शोधण्यात जातात. एक्सबॉक्स वनच्या सुरुवातीच्या, म्हणजे 1537 आणि 1697 या मॉडेलांत ब्लूटूथ मुळीच नाही. ते कन्सोलशी मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या रेडिओवरून बोलतात. ब्लूटूथ आलं ते 2016 मध्ये, एक्सबॉक्स वन एसबरोबर, 1708 या मॉडेलपासून. नंबर बघायचा तर मागचं झाकण उघडून सेल काढा, आत चिकटवलेल्या लेबलवर असतो. झाकण उघडायचाही कंटाळा असेल तर मधल्या एक्सबॉक्स बटणाभोवतीचं प्लॅस्टिक बघा. बटण वेगळ्या, चकचकीत पट्टीत बसवलेलं असेल तर ब्लूटूथ नाही. पुढच्या मुख्य तुकड्यातच बसवलं असेल तर आहे.

ब्लूटूथ नसलं म्हणून फेकून द्यायची गरज नाही. मायक्रो यूएसबीची केबल लावा, डेकवर आणि विंडोजच्या हँडहेल्डवर तो वायरीने चालतो.

एक्सबॉक्स 360 च्या बिनतारी कंट्रोलरबाबत मात्र मी हात टेकतो. त्याच्या चार्जिंगच्या केबलमधून फक्त वीज जाते, बटणांची माहिती जात नाही. त्याला वेगळा रिसीव्हरच लागतो. जुन्या बाजारात स्वस्तात मिळाला म्हणून हुरळून जाऊ नका.

ब्लूटूथवाला एक्सबॉक्स कंट्रोलर जोडला जातो, सुटतो, पुन्हा जोडला जातो, पुन्हा सुटतो, असा खेळ करत असेल तर बहुतेक वेळा त्याचं आतलं सॉफ्टवेअर जुनं असतं. ते एक्सबॉक्स अ‍ॅक्सेसरीज या अ‍ॅपमधून अद्ययावत होतं आणि त्यासाठी विंडोजचा संगणक किंवा एक्सबॉक्स लागतो. डेकवरून होत नाही. मित्राच्या लॅपटॉपवर दहा मिनिटांचं काम आहे. आणि सेल? दोन डबल ए सेल मरायला आले की हाच खेळ दिसतो, तेव्हा आधी सेल बदलून बघा.

केबल आहे, पण कसली?

डुअलशॉक 4 ला मायक्रो यूएसबी लागते. घरातल्या खणात अशा केबली ढीगभर सापडतात, कुठल्या ट्रिमरबरोबर आलेल्या, कुठल्या पॉवर बँकेबरोबर. त्यांतल्या बऱ्याच फक्त चार्जिंगच्या असतात. कंट्रोलरचा दिवा नारिंगी होतो, चार्ज होतंय म्हणून आपण खूश, आणि गेममध्ये एक बटण चालत नाही. पारख सोपी आहे: त्याच केबलने मोबाईल संगणकाला लावून फोटो दिसतात का बघा. दिसत नसतील तर ती केबल ट्रिमरलाच परत द्या.

स्विचवर दुसऱ्याच्या घरचा कंट्रोलर

निन्टेन्डो स्विचवर प्लेस्टेशनचा किंवा एक्सबॉक्सचा कंट्रोलर थेट जोडता येत नाही. कितीही वेळ बटण धरा, निन्टेन्डोने ती सोयच ठेवलेली नाही. मध्ये दुभाषा लागतो, म्हणजे एटबिटडो किंवा मेफ्लॅशसारख्यांचं छोटं यूएसबी अ‍ॅडॅप्टर. इथे गडबड अशी होते की अ‍ॅडॅप्टर मोठ्या, चौकोनी यूएसबीचं असतं. डॉकला (टीव्हीला जोडायच्या स्टँडला) ते बसतं, हातातल्या स्विचला किंवा स्विच लाइटला बसत नाही, कारण तिथे यूएसबी-सी आहे. मधे मोठं यूएसबी यूएसबी-सीत बसवणारा ओटीजीचा तुकडा लागतो, तो त्याच वेळी मागवा. शिवाय सेटिंगमध्ये कंट्रोलर आणि सेन्सरच्या पानावर प्रो कंट्रोलरला वायरीने बोलू देण्याचा एक पर्याय आहे, तो चालू करा. तो बंद राहिला म्हणून चांगलं अ‍ॅडॅप्टर परत पाठवणारे लोक मी पाहिलेत.

एटबिटडोच्या स्वतःच्या कंट्रोलरमध्ये सुरू करतानाच भाषा ठरते. एसएन30 प्रोवर स्टार्ट आणि वाय धरलं तर स्विचची, स्टार्ट आणि एक्स धरलं तर विंडोजची, स्टार्ट आणि बी धरलं तर अँड्रॉइडची. चुकीच्या भाषेत सुरू झाला की कधी दिसतच नाही, कधी दिसतो आणि अर्धी बटणं भलतीच चालतात.

आता एक खास गंमत. शेजारच्या तीन पोरांनी स्विचवर खेळायला घेतलं, दोन कंट्रोलर लागले, तिसरा काही केल्या लागेना. तिघांनीही तिसऱ्यालाच दोष दिला. टीव्हीचा आवाज मोठा नको म्हणून थोरल्याने ब्लूटूथचा हेडफोन जोडला होता, तो कुणाच्या ध्यानात नाही. 2021 मध्ये निन्टेन्डोने ब्लूटूथ आवाजाची सोय दिली, पण अट घालून: हेडफोन चालू असताना दोनच बिनतारी कंट्रोलर. एरवी आठपर्यंत चालतात. वायरीचा हेडफोन लावला, तिसरा लगेच आत.

स्विच 2 वर जुने जॉय-कॉन आणि जुना प्रो कंट्रोलर बिनतारी चालतात, फक्त झोपलेल्या कन्सोलला ते उठवू शकत नाहीत. त्यासाठी जुना कंट्रोलर बिघडला असं समजू नका, कन्सोलचं बटण हाताने दाबा.

कंट्रोलर जोडलाय, पण खेळाडू हलत नाही

इथे यंत्राचं गणित वेगळं असतं. हँडहेल्डला स्वतःची बटणं आहेत, म्हणजे एक कंट्रोलर त्याच्या अंगातच आहे आणि तो बहुतेक वेळा पहिल्या क्रमांकावर बसतो. तुम्ही बाहेरून जोडलेला झाला दुसरा. एकट्याने खेळायचा गेम दुसऱ्याचं ऐकतच नाही. डेकवर उजवीकडचं तीन ठिपक्यांचं बटण दाबलं की कंट्रोलरचा क्रम बदलता येतो, बाहेरचा वर घ्या. विंडोजच्या हँडहेल्डवर हा घोळ जास्त होतो. तिथे बरेच गेम फक्त एक्सबॉक्सच्या पद्धतीचा कंट्रोलर ओळखतात, त्यामुळे डुअलसेन्स स्टीममधून चालवावा लागतो किंवा डीएस4विंडोजसारखं सॉफ्टवेअर लागतं. दोन्ही एकदम चालू ठेवू नका. एकदा बटण दाबलं की मेन्यू दोन घरं पुढे सरकतो, हे त्याचंच लक्षण. एकच ठेवा.

निन्टेन्डोचा प्रो कंट्रोलर डेकला जोडला की ए आणि बी उलटे वाटतात, कारण निन्टेन्डोची मांडणीच एक्सबॉक्सच्या उलट आहे. स्टीमच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये निन्टेन्डोच्या मांडणीचा पर्याय आहे. पण गाड्यांच्या शर्यतीसाठी तो वापरू नका असंच मी म्हणेन. त्याची झेडएल आणि झेडआर बटणं फक्त चालू किंवा बंद एवढंच जाणतात. ॲक्सिलरेटर हळूच दाबायची सोय नाही, प्रत्येक वळणावर गाडी पूर्ण वेगात.

डॉकला लावल्यावर अडखळतंय

हातात छान चालतं, डॉकवर ठेवलं की बटण दाबल्यावर उडी उशिरा. ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झवर चालतं, आणि यूएसबी 3 ची उपकरणं, विशेषतः बाहेरून लावलेली हार्ड डिस्क, त्याच पट्ट्यात गोंगाट करतात. डिस्क लांब केबलने दूर सरकवा, वाय-फाय 5 गिगाहर्ट्झवर न्या आणि डेक टीव्हीच्या मागे दडवू नका. एवढ्याने बहुतेक वेळा भागतं. घाईच्या गेमसाठी मी सरळ वायरच लावतो.

काही ठिकाणी मात्र प्रयत्नच करू नका. प्लेस्टेशन पोर्टल या हँडहेल्डला बाहेरचा कंट्रोलर जोडता येत नाही, त्याला तेवढ्यासाठी घेऊ नका. उलट 2009 च्या पीएसपी गो या जुन्या हँडहेल्डला पीएस3 चा डुअलशॉक 3 जोडता यायचा, पण पहिली जोडणी करून द्यायला पीएस3 मध्ये असावा लागे. हे ऐकून आमचा भाऊ चक्रावला होता.

तो डेक घेऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी हॉलमध्ये बसून पीएसचं बटण दाबलं. पीएस4 ढिम्म. क्षणभर मीही किमती बघायचा विचार केला. मग खणातून केबल काढली, ट्रिमरची नव्हे, दुसरी. कंट्रोलर पीएस4 ला लावला, बटण दाबलं, निळी पट्टी लागली. आजीने आतून विचारलं, "आता तरी तूच लावलास ना?"