अस्वल झालेला ड्रुइड आणि बाकीचे तिघे

पहिल्यांदा डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, झालो तेव्हा आम्ही बेळगावच्या टिळकवाडीत मित्राच्या माडीवर डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, एकेक पात्र घेऊन फाशांवर गोष्ट खेळायचा खेळ) खेळायचो. पावसाळा होता, पत्र्यावर इतका मारा की फासा पडला की आकडा ओरडून सांगावा लागे. खानापूरकडचा एक मुलगा मून ड्रुइड होता, म्हणजे प्राण्याचं रूप घेऊन लढणारा मांत्रिक. दुसऱ्या लेव्हलच्या पहिल्याच मारामारीत तो म्हणाला, "दादा, मी अस्वल होतो बघा." आणि पुढचा तासभर तो एकटाच खेळला.

हिशेब मी त्या रात्री घरी बसून केला. 2014 च्या नियमांत त्याचे स्वतःचे हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा) 17, तपकिरी अस्वलाचे 34, आणि एका विश्रांतीमागे वाइल्ड शेप, म्हणजे प्राण्याचं रूप घेणं, दोनदा. सगळे मिळून 85. शेजारी ढाल घेऊन उभ्या फायटरचे, म्हणजे साध्या लढवय्याचे, 20. फायटरवाला मित्र शेवटी फासा अंगठ्याखाली नुसता फिरवत बसला होता. चिडला नव्हता तो, आणि तेच मला जास्त लागलं.

पुढच्या आठवड्यात मी चूक केली. कुणाला न सांगता अस्वलाचे पॉइंट 20 धरले. पोरगा पेन्सिलीने मोजत होता. "दादा, शीटवर चौतीस आहेत की." त्याचं खरं होतं. नियम बदलायचा तर खेळ सुरू व्हायच्या आधी, सगळ्यांसमोर बदला. नवीन डीएमला मी हे सगळ्यात आधी सांगतो.

खरं तर थोडी कळ काढली असती तरी चाललं असतं. पाचव्या लेव्हलला फायटर एका वळणात दोनदा मारतो, विझार्डला, म्हणजे जादूगाराला, फायरबॉल हा आगीचा मंत्र मिळतो, त्याचं सरासरी नुकसान 28. मून ड्रुइड मात्र सहाव्यापर्यंत त्याच अस्वलावर असतो. सातव्याला विझार्डकडे पॉलिमॉर्फ, म्हणजे एखाद्याला प्राणी बनवायचा मंत्र, येतो, आणि 157 हिट पॉइंटचं महाकाय माकड पाहून नवा डीएम घाबरतो. माकडाशी झुंजू नका. मंत्र विझार्डच्या एकाग्रतेवर टिकलेला असतो, तेव्हा शत्रूंचे बाण विझार्डकडे वळवा. 2024 च्या नियमांत ड्रुइडचे स्वतःचेच पॉइंट राहतात, वर मून ड्रुइडला लेव्हलच्या तिप्पट तात्पुरते मिळतात. तिसऱ्या लेव्हलला 9. नव्या मंडळींसोबत मी आता हेच वापरतो.

पण आकडे सावरले तरी कोळी होऊन दाराखालून जाणारा ड्रुइड अख्खा वाडा एकटाच बघून येतो, त्याचं काय? 2014 च्या नियमात एक ओळ आहे जी बहुतेक जण वाचून सोडून देतात: आधी पाहिलेल्याच प्राण्याचं रूप घेता येतं. मी त्या मुलाला यादी करायला लावली, कुठला प्राणी कुठे पाहिला तेही लिहून. त्याचं गाव भीमगडच्या जंगलाला लागून. गवा, सांबर, शेकरू, अस्वल, असं मनापासून लिहून आणलं त्याने. प्रत्येकाचं एक कार्ड केलं. पुढे त्या प्राण्याचे आकडे, मागे त्याला काय जमत नाही ते: बोलणं, कडी काढणं, मंत्र टाकणं.

ते मागचं लिहिलेलं मी काटेकोर पाळतो. एकदा अस्वल झालेल्या ड्रुइडला फरशीखालचा सापळा कळला, पण सांगणार कसं? मराठी नाही, कन्नड नाही. पोरगा टेबलावर पंजा घासत राहिला. बाकीचे गोंधळले. फायटरवाल्याने फासा खाली ठेवला, त्याच्या हाताकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "थांबा. कुणी पाय टाकू नका. मी भाला टेकवून बघतो."