फसलेल्या कॉमिकचे परीक्षण कसे लिहावे : तीन जादूगरणींच्या निमित्ताने

वाईट कॉमिक आणि निराश करणारे कॉमिक यांत फरक आहे, आणि परीक्षण लिहायला बसण्यापूर्वी तो स्वतःशी स्पष्ट करून घ्यावा लागतो. वाईट कॉमिककडून कोणाची काही अपेक्षाच नसते. ते चाळावे आणि बाजूला ठेवावे. निराश करणाऱ्या कॉमिकने मात्र वाचकाला आधी काहीतरी कबूल केलेले असते. ते नेमके काय होते आणि कोठे निसटले, हे शोधून काढणे हे परीक्षकाचे काम होय. पुढील विवेचनासाठी मी मार्व्हल या अमेरिकी कॉमिक प्रकाशनाची २००४ मधली ‘विचेस’ ही चार अंकांची मालिका घेतली आहे. जेनिफर केल, टोपाझ आणि सटाना या तीन जादूगरणींना डॉक्टर स्ट्रेंज हा मार्व्हलचा जादूगार नायक एकत्र आणतो आणि ‘टोम ऑफ झेरेड-ना’ या मंत्रग्रंथाशी निगडित असलेल्या हेलफायर नावाच्या संकटाशी त्यांची गाठ पडते, एवढे कथासूत्र सध्या पुरेसे आहे. या मालिकेवर मी प्रथम जे लिहिले होते, त्यात ‘कंटाळवाणे’, ‘उथळ’ आणि ‘सुमार’ ही विशेषणे एकाच परिच्छेदात आली होती. ते वाचून एका मित्राने शांतपणे विचारले, “ते ठीक आहे, पण त्यात झाले काय?” मला उत्तर देता आले नाही, म्हणून मी चारही अंक पुन्हा काढले. जी पद्धत पुढे सांगतो आहे ती त्या दुसऱ्या वाचनातून हाती आली.

पहिले वाचन नेहमीच्या वाचकासारखे, टिपणे न काढता करावे. ते संपल्यावर दोनच ओळी लिहून ठेवाव्यात : मुखपृष्ठ पाहून मला काय मिळेल असे वाटले होते, आणि शेवटचे पान उलटताना हातात काय राहिले. या दोन ओळी नंतर बदलू नयेत, कारण पुढच्या साऱ्या तपासणीत आपण हुशार होत जातो आणि मूळची निराशा विसरतो. माझी पहिली ओळ अशी होती : ‘एकमेकींवर विश्वास नसलेल्या तीन बायका नाइलाजाने एकत्र येतील आणि त्यांच्या भांडणातून गोष्ट निघेल.’ दुसरी ओळ अशी होती : ‘एक राक्षस आला, एक राक्षस गेला.’

त्यानंतर पात्रांचा पूर्वेतिहास पाहावा. अनेक परीक्षक ही पायरी टाळतात आणि मग निराशेचे कारण त्यांना सापडत नाही. अमेरिकेत १९५४ साली लागू झालेल्या कॉमिक्स कोडने, म्हणजे प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या नियमावलीने, भयकथांवर कडक बंधने घातली होती. १९७१ मध्ये ती सैल झाली आणि रक्तपिपासू, लांडगामानव अशा मंडळींना कॉमिकमध्ये पुन्हा प्रवेश मिळाला. आपल्या तिघी त्याच लाटेतल्या आहेत. जेनिफर केल डिसेंबर १९७२ च्या ‘फिअर’च्या ११ व्या अंकात, स्टीव्ह गर्बर यांच्या मॅन-थिंग या दलदलीतल्या राक्षसाच्या कथेत प्रथम आली. तिच्या आडनावाचे रोमन स्पेलिंग (Kale) पाहून मराठी वाचकाला क्षणभर ‘काळे’ वाटते, पण ही मुलगी फ्लोरिडाच्या दलदलीकाठच्या सिट्रसव्हिल गावची आहे आणि झेरेड-नाच्या पंथाची सूत्रे तिच्या आजोबांकडे होती. सटाना ऑक्टोबर १९७३ मध्ये ‘व्हॅम्पायर टेल्स’च्या दुसऱ्या अंकात अवतरली, ते कृष्णधवल नियतकालिक कोडच्या कक्षेबाहेर असल्यामुळे रॉय थॉमस आणि जॉन रोमिटा यांना सैतानाची मुलगी सैतानाच्या मुलीसारखी रंगवता आली. टोपाझ जानेवारी १९७४ च्या ‘वेअरवुल्फ बाय नाइट’च्या १३ व्या अंकातली, मार्व्ह वुल्फमन आणि माइक प्लूग यांची. म्हणजे २००४ साली या तिघी एका चौकटीत उभ्या राहिल्या तेव्हा प्रत्येकीच्या मागे तीस वर्षांचा संसार होता. त्यातही एक तपशील मोलाचा आहे : १९७९ मध्ये ‘मार्व्हल टीम-अप’च्या ८१ व्या अंकात सटाना डॉक्टर स्ट्रेंजला वाचवताना प्राणांस मुकली होती. ती पुढे परत आली, कारण या जगात मेलेले माणूस फार दिवस मेलेले राहत नाही. तरीही ज्या पुरुषासाठी आपण मेलो तोच आता आपल्याला कामाला लावतो आहे, ही केवढी मोठी ठिणगी होती! चार अंकांत तिची धग मला जाणवली नाही. परीक्षणात लिहावे ते हे. ‘पात्रे उथळ आहेत’ या वाक्याला कोणीही ‘मला तसे वाटले नाही’ म्हणून वाटेला लावू शकतो.

पूर्वेतिहास पाहण्याचा दुसरा लाभ असा, की खोटी सबब आपल्या हातून दिली जात नाही. ‘बंधनांमुळे लेखकाला मोकळेपणाने लिहिता आले नसेल’ असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु मार्व्हलने २००१ मध्येच कॉमिक्स कोडशी फारकत घेतली होती. सत्तरच्या दशकातल्या लेखकांना जे चोरवाटेने करावे लागले, ते येथे राजरोस करता आले असते.

आता दुसरे वाचन. हे पेन्सिल घेऊन करावे आणि ते सावकाश होऊ द्यावे. त्या काळच्या अमेरिकी मासिक अंकात साधारणपणे २२ पाने गोष्ट असे, तेव्हा चार अंकांची मालिका दोन संध्याकाळींत तपासून होते. चौकटींच्या कागदावर प्रत्येक पानासाठी एक ओळ आखावी आणि कॉमिकमधल्या प्रत्येक चौकटीसाठी एक अक्षर लिहावे. मी चार अक्षरे वापरतो : पात्र स्वतः काही ठरवत असेल तर ‘ठ’, ठरलेले करत असेल तर ‘क’, दुसऱ्याचे ऐकत असेल तर ‘ऐ’, आणि कोणीतरी वाचकाला पार्श्वभूमी समजावून सांगत असेल तर ‘स’. अक्षराखाली पात्राचे आद्याक्षर घालावे. पहिला अंक संपेपर्यंतच कागद बोलू लागतो. चमूच्या गोष्टीत ‘ठ’ हे अक्षर सदस्यांमध्ये विखुरलेले असले पाहिजे; ते एकाच माणसाच्या नावावर साचत असेल आणि तो माणूस चमूबाहेरचा असेल, तर गोष्टीचा पायाच चुकला आहे असे समजावे. ‘विचेस’मध्ये तिघींना एकत्र आणण्याचा मूळ निर्णय स्ट्रेंजचा आहे, आणि माझ्या मते मालिकेची सारी अडचण तेथून सुरू होते. मुखपृष्ठ तीन स्त्रियांचे, आणि गोष्टीला पहिला धक्का देणारा पुरुष. स्त्रियांच्या गोष्टीत पुरुष असू नये असा हा आग्रह नाही. मुद्दा असा, की जी पात्रे कोणीतरी बोलावल्यामुळे येतात, त्यांना ‘मी येथे का आहे’ हे नंतर स्वतःच्या कृतीने कमवावे लागते, आणि त्यासाठी गोष्टीला पाने द्यावी लागतात.

यानंतर माझी सर्वांत आवडती चाचणी. एखाद्या पानावरचे चेहरे कागदाच्या तुकड्यांनी झाका आणि फक्त फुग्यांतले संवाद वाचा. कोण बोलते आहे हे ओळखता येते का? सटाना नरकात वाढलेली, जेनिफर गावात आजोबांच्या पोथ्यांभोवती वाढलेली, टोपाझ दुसऱ्याच्या भावना अंगावर घेणारी. या तिघींची बोली एकसारखी असूच शकत नाही. आपल्याकडे कोकणातली आजी, पुण्यातली मावशी आणि नागपूरची वहिनी एका ओटीवर बसल्या तर डोळे मिटूनही कळते कोण बोलले ते. ज्या पानावर ते कळत नाही त्या पानाचा क्रमांक टिपून ठेवावा आणि परीक्षणात एकच पान उदाहरणादाखल घ्यावे. दहा उदाहरणांनी वाचकाला परीक्षकाचीच कीव येते.

अलौकिक शक्तींच्या कॉमिकसाठी आणखी एक तपासणी लागते, जी साध्या मुष्टियोद्ध्याच्या गोष्टीला लागत नाही. ताकदीची मर्यादा चित्रात दिसते : भिंत फुटली नाही की वाचकाला कळते. जादूची मर्यादा दिसत नाही, ती आधी सांगून ठेवावी लागते. १९६४ पासून निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून ज्यांनी मँड्रेक हा जादूगार मराठीत वाचला, त्यांना हे न सांगता ठाऊक आहे. त्याची जादू ही नजरबंदी, आणि नजरबंदीला समोर पाहणारे डोळे लागतात. एवढा एक नियम असल्यामुळे तो केव्हा अडचणीत येईल हे लहान मुलालाही उमगे. म्हणून प्रत्येक जादूगरणीसाठी वहीत दोन प्रश्न लिहावेत : ही काय करू शकत नाही, आणि जे करते त्याची किंमत काय मोजते? या तिघींच्या बाबतीत उत्तरे तयारच होती. टोपाझ दुसऱ्याची वेदना शोषून घेते, म्हणजे तिचा प्रत्येक विजय तिच्याच अंगावर येतो. सटानाचे पोषण माणसांच्या आत्म्यांवर होते, म्हणजे तिला सोबत घेणाऱ्या इतर दोघींना रोज डोळे मिटून घ्यावे लागणार. जेनिफरची विद्या शिकून आलेली, म्हणून ती चुकू शकते. तीन जादू, तीन स्वभाव, तीन किमती. लढाईच्या पानांवर मात्र मला हे भेद विरघळून तळहातांतून निघणाऱ्या झगझगीत प्रकाशात मिसळलेले दिसले. रंग बदलला म्हणजे जादू बदलली असे होत नाही.

चित्रांविषयी लिहिताना लेखनाचा राग चित्रकारावर काढू नये. या मालिकेच्या चित्रकामाशी माइक डिओडाटो या ब्राझिलच्या चित्रकाराचे नाव जोडलेले आहे आणि दाट सावल्या, जडशीळ अंधार यांवरची त्यांची हुकमत भयकथेला शोभणारी आहे. एखाद्या पानावरच्या कथनपट्ट्या आणि फुगे झाकून पाहावेत. नुसत्या चित्रांतून प्रसंग कळत असेल तर चित्रकाराने आपले काम केले आहे. पण त्याच वेळी हेही पाहावे, की स्त्रीची आकृती रेखाटताना चौकट तिच्या कृतीकडे वळते की तिच्या अंगाकडे. सटानाच्या बाबतीत मोहिनी हा तिच्या शक्तीचाच भाग आहे, तेव्हा तेथे हा आक्षेप जपून घ्यावा. टोपाझही त्याच पवित्र्यात उभी असेल तर निःशंक घ्यावा. प्रत्येक अंकातली श्रेयनामावली वेगळी वाचावी, कारण रेखाटन, शाई आणि रंग ही तीन माणसांची कामे असतात आणि मालिकेच्या मध्यावर माणसे बदलण्याची प्रथा या धंद्यात जुनी आहे.

मराठीत लिहिणाऱ्याला शब्दांचाही विचार करावा लागतो. ‘विच’ला सरसकट हडळ किंवा जखीण म्हणू नये, आपल्याकडे त्या मेलेल्या बायका आहेत. चेटकीण जिवंत असते आणि चेटूक करते, म्हणून अर्थाच्या दृष्टीने तो शब्द जवळचा आहे. पण सातपुड्याच्या पट्ट्यात ‘डाकीण’ ठरवून बायकांचा छळ झाला आहे, आणि महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, हे विसरून हे शब्द शिवीसारखे उधळू नयेत. मी ‘जादूगरणी’ वापरतो. तो थोडा गुळगुळीत आहे, हे मला मान्य आहे.

प्रत्यक्ष लेखनाला आता फारसे सांगण्यासारखे उरत नाही, कारण टिपणे नीट असली की परीक्षण अर्धे झालेले असते. आरंभी कथा सांगावी, पण शेवट फोडू नये. मग कॉमिकने काय कबूल केले होते ते लिहावे, आणि त्यात जे खरोखर पाळले गेले ते अगोदर मान्य करावे. त्यानंतर एकच मोठी त्रुटी घेऊन तिच्यावर निम्मे परीक्षण खर्च करावे. माझ्या पहिल्या मसुद्यातले ‘पात्रे कंटाळवाणी आहेत’ हे वाक्य शेवटी असे झाले : ‘सटाना एकदा ज्याच्यासाठी मेली त्याच्याच बोलावण्यावरून येते, आणि तरीही त्या जुन्या देण्याघेण्याचा ताण संवादांत उतरत नाही.’ लांबी कितीतरी वाढली, पण मित्राच्या प्रश्नाला उत्तर मिळाले.

सोबत चित्रे द्यायची असतील तर ज्या चौकटीवर आपण बोलतो आहोत तीच द्यावी आणि खाली अंक, पान व चित्रकार यांची नोंद करावी. भारतीय प्रतिमुद्राधिकार कायद्याच्या ५२ व्या कलमात परीक्षणासाठी उचित वापराची मुभा आहे, पण त्यात अख्खा अंक चिकटवण्याची सोय नाही.

शेवटी वाचकाला रिकाम्या हाताने पाठवू नये. एखादे पात्र दुसरीकडे चांगले वठले असेल तर तेथली वाट दाखवावी, कारण त्यामुळे दोष पात्राचा नव्हता हेही आपोआप सिद्ध होते. सटाना २०११ च्या सुमारास जेफ पार्कर यांच्या ‘थंडरबोल्ट्स’मध्ये गुन्हेगारांच्या टोळक्यात सामील झाली, आणि ज्यांच्यावर कोणाचाच विश्वास नाही अशा माणसांत ती कशी वावरते हे तेथे पाहायला मिळते. मी माझ्या परीक्षणाच्या तळाशी त्याच अंकांची शिफारस केली आहे.