लॅम्ब चॉप्स घरी करताय? या चुका टाळा

"अगं, आठ मिनिटांत होतात म्हणाली होतीस ना? मी वीस मिनिटं शिजवले, तरी वातडच!" मैत्रिणीचा हा फोन आला तेव्हा मी तिला उलट एकच प्रश्न विचारला: चॉप कुठला आणलास? ती म्हणाली, "कुठला म्हणजे? चॉप म्हणजे चॉप."

तिथंच घोळ होता. लॅम्ब चॉप्स, म्हणजे कोवळ्या मेंढीच्या मांसाचे हाडासकट काप, बिघडतात ते बहुतेक वेळा तवा तापायच्या आधीच. प्रत्यक्ष शिजण्याची वेळ इतकी कमी असते की आधी केलेली चूक निस्तरायला फुरसतच मिळत नाही.

चॉप म्हणजे चॉप नव्हे

बरगडीचा चॉप ओळखायला सोपा: लांब, किंचित वाकलेलं हाड आणि टोकाला मांसाचा गोल तुकडा. कमरेच्या चॉपमध्ये इंग्रजी 'टी' अक्षरासारखं हाड असतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मांस. हे स्नायू प्राणी फारसे वापरत नाही, म्हणून ते मुळातच मऊ. कडक आच आणि थोडा वेळ, एवढंच त्यांना हवं.

खांद्याचा चॉप दिसायला मोठा आणि सहसा स्वस्त. त्यात हाडांचे दोन-तीन तुकडे, मधूनमधून चरबी आणि पांढरट चिवट धागे दिसतात. खांदा दिवसभर राबणारा भाग. त्यातले हे धागे, म्हणजे कोलॅजेन, विरघळून जिलेटिन व्हायला ७०–८० अंश सेल्सिअसच्या वर बराच वेळ जावा लागतो. थोडं पाणी घालून, झाकण ठेवून, मंद आचेवर एक ते दीड तास. मैत्रिणीची वीस मिनिटं म्हणजे धड ना इकडची, धड ना तिकडची: बरगडीच्या चॉपला ती फार झाली असती, खांद्याला फारच कमी पडली.

जाडीही बघून घ्या. २.५ ते ३ सेंटिमीटर जाडीचा चॉप हाताळायला सोपा. एक सेंटिमीटरचे पातळ चॉप आणले असतील तर दोन्ही बाजू सारख्या भाजायचा हट्ट सोडा. एक बाजू खरपूस होऊ द्या, उलटून जेमतेम अर्धा मिनिट ठेवा आणि उतरवा.

ओला चॉप तव्यावर टाकणं

पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या आसपासच घुटमळतं. खरपूस तपकिरी रंग धरायला साधारण १४० अंश तरी लागतात. म्हणजे ओला चॉप आधी वाफेवर शिजतो, मग भाजतो. आणि वरून रंग येईपर्यंत आतलं मांस कोरडं झालेलं असतं.

चॉप नळाखाली धुऊ नका. पृष्ठभागावरचे जंतू तव्याच्या आचेनं मरतातच. धुताना उडालेले शिंतोडे मात्र सिंक, ओटा आणि शेजारच्या कोशिंबिरीपर्यंत पोचतात. पाकिटात साचलेलं लाल पाणी बघून धुवावंसं वाटतं, पण ते रक्त नसतं. मांसातलं पाणी आणि मायोग्लोबिन नावाचं रंगद्रव्य असतं. कागदी टिपकागदानं दोन्ही बाजू आणि कडा दाबून टिपा. एक कागद भिजला की दुसरा घ्या. कागद जवळजवळ कोरडा निघाला की झालं.

मीठ एक तर किमान चाळीस मिनिटं आधी लावा, नाहीतर अगदी तव्यावर टाकताना. मधली दहा-पंधरा मिनिटं सगळ्यात वाईट: तोवर मिठानं पाणी बाहेर ओढलेलं असतं आणि ते परत आत मुरलेलं नसतं. सवड असेल तर मीठ लावून रात्रभर फ्रिजमध्ये उघडे ठेवा. वरचा भाग सुकतो आणि रंग सुरेख येतो.

मॅरिनेशनचंही तेच. दही-लिंबू लावून ठेवायला हरकत नाही, पण तव्यावर टाकताना जादाचा लेप पुसून काढा. मध किंवा साखर असेल तर ती मांसाच्या आधी करपणार, म्हणून ती शेवटच्या मिनिटाला लावा. कच्ची पपई, अननस किंवा किवी लावून रात्रभर ठेवलेल्या कोवळ्या चॉपचा वरचा थर पिठूळ होतो. मुळात मऊ असलेल्या मांसाला आणखी मऊ करायची गरजच नसते. बारीक चिरलेला लसूणही नको, तो मिनिटभरात काळा पडतो. ठेचलेली अख्खी पाकळी आणि रोझमेरीची काडी शेवटी लोण्याबरोबर टाका.

तव्यावर गर्दी

ही चूक माझी स्वतःची. सहा जण जेवायला येणार होते आणि मी एकाच पॅनमध्ये आठ चॉप्स कोंबले. पहिल्या दोघांचा चर्र आवाज झाला, पाचव्याला तो मवाळला आणि आठव्याला नुसती फसफस. खाली पाणी साचलं, चॉप्स राखाडी झाले आणि मी आच वाढवत बसले. वाढवून काही होत नाही. थंड मांसानं तवा एकदा गार केला की सुटणारं पाणी आटण्यातच सगळी आच खर्च होते.

आवाज मवाळला की तिथंच थांबा. अर्धे चॉप्स बाहेर काढा, पाणी ओतून टाका, पॅन पुसून पुन्हा कडक तापवा. त्याहून बरं म्हणजे पहिल्यापासून दोन घाणे करा आणि दोन चॉप्समध्ये दोन बोटांचं अंतर ठेवा. बिडाचा किंवा जाड बुडाचा स्टीलचा पॅन घ्या. नॉनस्टिकचा लेप इतक्या कडक, रिकाम्या तापवण्यासाठी नसतो. आणि टाकल्याटाकल्या उचलून बघू नका. चिकटलेला चॉप रंग धरला की आपणच सुटतो. ओढाल तर वरचा छान थर पॅनला राहील.

सगळ्यात दुर्लक्षित: कडेची चरबी

दोन्ही बाजू सुंदर भाजल्या आहेत आणि कडेला रबरासारखी पांढरी पट्टी तशीच, असा चॉप ताटात आला की मला वाईट वाटतं. लोक ती कापून बाजूला ठेवतात आणि लॅम्ब ओशट असतं म्हणतात.

चॉप आडवा भाजला तर कडेची चरबी पॅनला टेकतच नाही. म्हणून सुरुवात तिच्यापासून करा. मध्यम आचेवर चॉप्स चरबीच्या कडेवर उभे करा. एकटा उभा राहत नसेल तर तीन-चार एकमेकांना टेकवून, फडताळातल्या पुस्तकांसारखे, चिमट्यानं धरा. दोन-तीन मिनिटांत चरबी पाझरायला लागते, पट्टी आधी काचेसारखी होते, मग सोनेरी. पॅनमध्ये सुटलेली हीच चरबी पुढे भाजायला पुरते, वेगळं तेल नावापुरतं लागतं. मग आच वाढवा आणि चॉप्स आडवे करा. चरबीचा थर अर्ध्या सेंटिमीटरहून जाड असेल तर आधी छाटून घ्या. तिच्यावर कागदासारखा कोरडा पापुद्रा असेल तर तोही सोलून काढा. तो आचेवर आकसतो आणि चॉप वाटीसारखा वाकतो, मग मधला भाग टेकतच नाही. सोलायचा कंटाळा असेल तर कडेला दोन-तीन चिरा द्या.

लॅम्बचा तो खास वास मुख्यतः चरबीतच असतो. मेंढीच्या चरबीतल्या काही विशिष्ट फॅटी आम्लांमुळे तो येतो आणि वय वाढलेल्या जनावरात जास्त उग्र होतो. ज्याला तो नको त्यानं चरबी जास्त छाटावी. मसाल्यांचा मारा करून तो झाकला जात नाही.

या चरबीचा आणखी एक गुण म्हणजे ती लवकर थिजते. तिच्यात स्टिअरिक आम्ल भरपूर असतं, त्यामुळे आपल्या शरीराच्या तापमानापेक्षाही जास्त तापमानाला ती घट्ट व्हायला लागते. गार ताटात वाढलेला चॉप पाच मिनिटांत पांढरट दिसतो आणि टाळूला मेणाचा थर बसल्यासारखं वाटतं ते यामुळेच. ताटल्या आधी गरम करून ठेवा, गरम पाण्यात बुडवून पुसल्या तरी चालतं. पॅनमधली चरबी सिंकमध्ये कधीच ओतू नका. ती पाइपमध्येही अशीच थिजते आणि प्लंबर आल्याशिवाय निघत नाही.

निखाऱ्यावर भाजत असाल तर ठिबकणाऱ्या चरबीनं ज्वाळा उठतात आणि मांसावर काजळी धरते. एका बाजूला निखारे ठेवूच नका, म्हणजे भडका उडाला की चॉप तिकडे सरकवता येतो.

झालं की नाही, हे घड्याळावर ठरवणं

बरगडीचा ३ सेंटिमीटरचा चॉप एकेका बाजूनं तीन ते चार मिनिटं घेतो, पण हा नुसता अंदाज. पॅन, आच, फ्रिजमधून काढून किती वेळ झाला, सगळ्यानं तो हलतो. साधा डिजिटल थर्मामीटर बाजूनं आडवा मध्यापर्यंत खुपसा, हाडाला टेकवू नका. ५४ ते ५७ अंशांना आत गुलाबी आणि रसदार, ६० ते ६३ ला फिकट गुलाबी, ७० च्या पुढे राखाडी आणि कोरडा. अन्नसुरक्षेसाठी सर्वसाधारण सल्ला ६३ अंश आणि मग तीन मिनिटं विश्रांती असा आहे. लहान मुलं, गरोदर बाई किंवा आजारी माणूस जेवायला असेल तर त्याच्या खाली जाऊ नका. उतरवल्यावरही आतलं तापमान तीन-चार अंश चढतं, म्हणून हवं त्याच्या तेवढं आधी उतरवा. थर्मामीटर नसेल तर वरच्या बाजूवर लक्ष ठेवा: गुलाबी रसाचे बारीक थेंब जमायला लागले की आतलं गुलाबीपण संपत आलंय.

बाहेर काळा, आत कच्चा? १८० अंशांच्या ओव्हनमध्ये तीन-चार मिनिटं ठेवा. जास्तच झाला? पुन्हा गरम करू नका, हाडापासून सोडवून आडवे पातळ काप करा आणि लिंबू व ऑलिव्ह तेल घालून वाढा. पाच मिनिटं विश्रांती प्रत्येक वेळी हवी. वर फॉइल घट्ट लावू नका, कोंडलेल्या वाफेनं खरपूस थर मऊ पडतो.

तोंडीलावणं निवडताना

चरबीवर चरबी, ही इथली चूक. साय घातलेला बटाट्याचा मॅश, वर चीजची भाजी, त्यात लोण्याचा सॉस आणि मधोमध चॉप. तिसऱ्या घासाला जीभ दमते. मी ताट असं बघते: रस टिपायला एक पिठूळ गोष्ट, एक हिरवी किंवा किंचित कडवट, आणि एक आंबट. आंबट वगळूच नये. बारीक चिरलेला पुदिना, चिमूट साखर, चमचाभर गरम पाणी आणि व्हिनेगर पंधरा मिनिटं मुरलं की काम भागतं. बाजारातली गोड पुदिना जेली मला आवडत नाही; तिच्यात साखरच पुढे येते. काकडी-लसूण घातलेलं दही किंवा ओव्हनमध्ये भाजलेले टोमॅटोही चालतात. हिरव्यात मटार, फरसबी, पालक, किंवा अरुगुलासारखी कडवट पानं.

वेळेचं गणित मात्र आधी मांडा. बटाटे २०० अंशांना पाऊण तास घेतात आणि चॉप्स आठ मिनिटं, म्हणजे बटाटे शेवटच्या टप्प्यात असतानाच पॅन तापवायला घ्यायचा. शेवटच्या दहा मिनिटांत शेगडीवर उभं राहायला लावणारा कोणताही पदार्थ सोबत धरू नका. मी एकदा रिसोटो, म्हणजे सतत ढवळावा लागणारा इटालियन भात, धरला होता. एका हातात पळी, एका हातात चिमटा, घरभर धूर, आणि दोन्ही पदार्थ बेताचेच. सॅलडला ड्रेसिंग चॉप्स विश्रांती घेत असताना घाला.

पॅनमधला सॉस करायचा तर आधी चरबी ओतून टाका, मग अर्धी वाटी स्टॉक (हाडं किंवा भाज्या उकळून काढलेलं पाणी) घालून तळाचं खरवडा आणि आटवा. मीठ शेवटी, कारण स्टॉकच्या वड्या आधीच खारट असतात आणि आटल्यावर आणखी होतात. ताटलीत साचलेला चॉप्सचा रसही यातच जाऊ दे.

मैत्रिणीला त्या संध्याकाळी मी सांगितलं, तेच चॉप्स कांदा-टोमॅटो आणि वाटीभर पाणी घालून परत पातेल्यात टाक, झाकण ठेव, आच अगदी बारीक. सव्वा तासानं फोटो आला. हाड चमच्यानं बाजूला झालेलं, शेजारी साधे उकडलेले बटाटे आणि पुदिन्याची वाटी. खाली लिहिलं होतं, "मॅशसाठी आणलेला क्रीमचा डबा फोडलाच नाही. आता त्याचं काय करू?"