हिमथराच्या मॉडेलवरून हिमस्खलनाचा अंदाज बांधताना या चुका टाळा

मराठा लाइट इन्फन्ट्रीचे प्रशिक्षण केंद्र बेळगावात आहे आणि खानापूर, निपाणी, चिकोडीकडील गावागावांतून तरुण सैन्यात जातात, त्यामुळे सियाचीन आणि कारगिल ही नावे आपल्या सीमाभागातील घरांत केवळ बातम्यांपुरती राहिलेली नाहीत. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमधील सोनम चौकीवर बर्फ कोसळून १० जवान गाडले गेले. शेजारच्या धारवाड जिल्ह्यातील बेटदूरचे लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद सहा दिवसांनी जिवंत सापडले, परंतु ११ फेब्रुवारीला दिल्लीतील लष्करी रुग्णालयात त्यांचे निधन झाले. अशा घटनांनंतर आपल्याकडील विज्ञान व अभियांत्रिकीचे विद्यार्थी हिमस्खलनाचा अंदाज हा प्रकल्पाचा विषय म्हणून निवडतात, ही मोलाची गोष्ट आहे. हिमथराचे संगणकीय मॉडेल विनामूल्य मिळते, हवामानाची माहितीही मिळते आणि बर्फापासून दोन हजार किलोमीटर दूर बसूनही काम करता येते. मात्र याच अंतरामुळे काही चुका लवकर ध्यानात येत नाहीत. त्यांचाच येथे विचार केला आहे.

मॉडेल नेमके काय सांगते

डोंगरउतारावर हिवाळाभर साठणारा बर्फ हा एकसंध ढीग नसतो. प्रत्येक हिमवृष्टीचा वेगळा थर बसतो आणि पुढे प्रत्येक थराची घनता, तापमान, कणांचा आकार व बंध बदलत राहतात. स्वित्झर्लंडमधील दावोसच्या हिम व हिमस्खलन संशोधन संस्थेचे ‘स्नोपॅक’ आणि फ्रान्सच्या हवामान संस्थेचे ‘क्रोकस’ ही मॉडेल हवेचे तापमान, आर्द्रता, वारा, किरणोत्सर्ग (म्हणजे सूर्याचे ऊन व आकाशाकडून येणारी उष्णता) व हिमवृष्टी यांच्या नोंदींवरून हे थर संगणकात घडवतात. शास्त्रज्ञ या थरांमध्ये एक जोडी शोधतो : वर चांगला बांधला गेलेला सलग थर आणि त्याच्याखाली एकमेकांना न धरणाऱ्या पैलूदार स्फटिकांचा कमकुवत थर. ही जोडी साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर असली, की वरचा थर तुटून सुटण्याची शक्यता निर्माण होते.

म्हणून पहिली चूक विषयाच्या निवडीतच होते. सोनम चौकीवर हिमनदीची प्रचंड भिंत कोसळल्याचे लष्कराने तेव्हा सांगितले होते. हिमनदीचा कडा तुटणे आणि हंगामी हिमथर घसरणे या दोन भिन्न क्रिया आहेत आणि हिमथराचे मॉडेल पहिल्या क्रियेविषयी काहीही सांगू शकत नाही. कोणत्या प्रकारच्या घटनेचा अंदाज बांधायचा आहे, हे प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर लिहावे.

बहुतेक दोष नोंदींच्या फायलीत असतात

निकाल विचित्र आला, की विद्यार्थी मॉडेलच्या समीकरणांत दोष शोधू लागतात. त्याआधी नोंदी तपासाव्यात. हिमालयातील हवामान केंद्रांची माहिती सहज मिळत नसल्याने बहुतेक जण युरोपीय हवामान केंद्राची ईआरए-५ ही पुनर्विश्लेषित (जुन्या नोंदी व हवामान मॉडेल यांची सांगड घालून तयार केलेली) माहिती घेतात. तिच्यातील वेळ ग्रिनिचची असते, भारतीय वेळ साडेपाच तासांनी पुढे असते. हा फरक भरला नाही, तर मॉडेलमध्ये सूर्य मध्यरात्रीनंतर लगेच उगवतो आणि दुपारीच मावळतो. वेळेची सांगड बिघडली आहे का, हे एका निरभ्र दिवसाच्या आलेखावर लगेच दिसते, कारण किरणोत्सर्गाचा माथा स्थानिक मध्यान्हाजवळच यायला हवा. तापमान केल्व्हिनमध्ये येते. किरणोत्सर्ग तासाभराच्या बेरजेच्या रूपात, ज्यूलमध्ये येतो, त्यामुळे वॅट मिळवण्यासाठी ३,६०० ने भागावे लागते. ईआरए-५-लँड ही तिचीच जमिनीपुरती, अधिक बारीक चौकोनांची आवृत्ती घेतल्यास ही बेरीज दिवसाच्या आरंभापासून चढत जाते, म्हणून आधी लागोपाठच्या दोन तासांची वजाबाकी करावी लागते. हे पाऊल गाळल्यास दुपारनंतरचा किरणोत्सर्ग अवास्तव वाढतो आणि जानेवारीतच बर्फ वितळू लागतो.

याहून खोल दोष उंचीचा आहे. ईआरए-५ चा एक चौकोन सुमारे ३१ किलोमीटरचा असतो आणि त्या संपूर्ण चौकोनाला एकच उंची व एकच आकडा असतो. हे किती फसवे आहे, ते बेळगावकरांना वेगळे समजावण्याची गरज नाही : मलप्रभेच्या उगमाजवळ कणकुंबीला पावसाने महिनोन्महिने उसंत नसते, तेव्हा त्याच जिल्ह्यातील अथणी कोरडी असते, आणि दोघांची सरासरी या दोन्हींपैकी कोणाच्याच शेतावर पडत नाही. हिमालयात तर तेवढ्याच अंतरात दोन-तीन हजार मीटरचा चढउतार असतो. चौकोनाची उंची ३,२०० मीटर आणि आपला उतार ४,२०० मीटरवर असेल, तर दर किलोमीटरला सुमारे साडेसहा अंश या सर्वसाधारण दराने तापमान कमी करून घ्यावे. अन्यथा मॉडेल हिमवृष्टीच्या जागी पाऊस पाडील.

केंद्राची प्रत्यक्ष नोंद मिळाली तरी ती जशीच्या तशी स्वीकारू नये. वाऱ्यात पर्जन्यमापक पडणाऱ्या बर्फाचा मोठा भाग पकडतच नाही. ध्वनिलहरींवर चालणारा बर्फाची उंची मोजणारा संवेदक वाऱ्याने उडणाऱ्या बर्फात खोटी उसळी दाखवतो आणि मॉडेल त्या उसळीला नवी हिमवृष्टी समजून नसलेला थर रचते. त्यामुळे उंचीत एकाएकी वाढ दिसली, तर त्याच वेळी आर्द्रता आणि ढग खरोखर होते का, हे पाहावे.

हिवाळा मधूनच सुरू करू नये

हिमस्खलने जानेवारी-फेब्रुवारीत अधिक होतात म्हणून गणनाही १ जानेवारीपासून सुरू करणे ही माझ्या मते सर्वांत घातक चूक आहे, कारण तीत शोधायची गोष्टच वगळली जाते. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास आणि बर्फाच्या पृष्ठभागावर उणे १५ अंश असेल, तर ५० सेंटिमीटरच्या पातळ थरात तापमानाचा फरक मीटरमागे ३० अंश पडतो. हाच बर्फ दोन मीटर असता, तर तो फरक साडेसात अंशच राहिला असता. मीटरमागे सुमारे १० अंशांहून अधिक फरक दीर्घकाळ टिकला, की बाष्प खालून वर सरकते आणि पैलूदार, सुटे स्फटिक वाढू लागतात. म्हणजे डिसेंबरातील थोडासा बर्फ आणि त्यानंतरची निरभ्र थंडी तळाचा कमकुवत थर तयार करते आणि फेब्रुवारीतील पश्चिमी विक्षोभाचा मोठा हिमवर्षाव त्यावर भार टाकतो. गणना सप्टेंबरात, उघड्या जमिनीपासून सुरू करावी. जेथे जुना बर्फ वर्षभर टिकतो, तेथे तो आरंभीची स्थिती म्हणून द्यावा. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातील द्रौपदी का डांडा शिखरावर झालेल्या हिमस्खलनानंतर गिर्यारोहण प्रशिक्षणाच्या तुकडीतील २७ जणांचे मृतदेह मिळाले. ही घटना नोव्हेंबरपासून सुरू केलेल्या गणनेत आलीच नसती.

निरभ्र रात्री पृष्ठभागावर गोठणाऱ्या दवाचा थरही असाच घातक असतो. तो मॉडेलमध्ये कधीच तयार होत नसेल, तर आकाशाकडून येणाऱ्या दीर्घलहरी किरणोत्सर्गाची, म्हणजे न दिसणाऱ्या उष्णतेची, नोंद तपासावी. ती वास्तवापेक्षा अधिक असेल, तर बर्फाचा पृष्ठभाग पुरेसा थंडच होत नाही.

सपाट जागेचा निकाल उताराला लावू नये

स्वित्झर्लंडमध्ये प्रत्येक केंद्रासाठी सपाट जागेसोबत ३८ अंशांचे, चार दिशांना तोंड असलेले कल्पित उतारही गणले जातात. दक्षिण व उत्तर उतारांवरील ऊन वेगळे असते, आणि वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूस सपाटीपेक्षा कितीतरी अधिक बर्फ साचतो. शिवाय नव्या बर्फाच्या घनतेची सूत्रे बहुतांशी आल्प्समधील मोजणीवर बेतलेली आहेत. पीर पंजालचा तुलनेने उबदार, भरपूर बर्फ आणि काराकोरमचा अतिथंड, कोरडा बर्फ यांना एकच सूत्र लावू नये.

अचूकतेचा आकडा

हल्ली मॉडेलने घडवलेले थर यंत्रशिक्षणाला देऊन धोक्याची पातळी काढली जाते. दावोसच्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये अशा पद्धती प्रसिद्ध केल्या. आपल्या प्रकल्पांत मात्र ‘९५ टक्के अचूकता’ एवढेच लिहून थांबतात. शंभरपैकी पाचच दिवशी हिमस्खलन होत असेल, तर रोज ‘धोका नाही’ म्हणणारे मॉडेलही ९५ टक्के अचूक ठरते आणि नेमके पाचही दिवस चुकवते. झालेल्या घटनांपैकी किती पकडल्या आणि दिलेल्या इशाऱ्यांपैकी किती फोल ठरले, हे दोन्ही आकडे द्यावेत. तसेच दिवस सरमिसळ करून चाचणीसाठी बाजूला काढू नयेत. आजचा आणि उद्याचा हिमथर जवळजवळ एकच असल्याने उत्तर आधीच फुटते. पूर्ण हिवाळेच वेगळे ठेवावेत.

आणि पडताळणी शेवटी बर्फातच होते. निरीक्षक खड्डा खणतो, ३० सेंटिमीटर बाजूचा चौकोनी स्तंभ मोकळा करतो, त्यावर ठेवलेल्या फावड्याच्या पात्यावर मनगटातून, कोपरातून व खांद्यातून प्रत्येकी दहा थापा देतो, आणि कितव्या थापेला कोणता थर तुटला ते नोंदवतो. भारतात हे काम १९६९ पासून मनालीच्या हिम व हिमस्खलन अध्ययन संस्थेने केले. २०२० मध्ये ती संरक्षण भू-माहिती संशोधन संस्थेत विलीन झाली आणि इशारे आता तेथून निघतात. प्रकल्पातील निकालाला इशारा म्हणू नये, आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवरून जवानांच्या घरांपर्यंत किंवा हिमालयात निघालेल्या ट्रेकिंग गटांपर्यंत मुळीच पाठवू नये. त्यांच्यासाठी अधिकृत पत्रकच ग्राह्य धरावे, आणि ते वाचतानाही पाचपैकी तिसऱ्या पातळीला ‘मध्यम’ समजू नये, कारण स्वित्झर्लंडमधील हिमस्खलनाचे बळी सर्वाधिक याच पातळीच्या दिवशी गेलेले आहेत.