मेंटेनर ‘रिबेस कर’ म्हणाले की काय करायचं: ओपन सोर्समधला पहिला पीआर

गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) मशीनवर आहे, गिटहबवर खातं आहे आणि प्रकल्प ज्या भाषेत लिहिलाय ती तुम्हाला येते, असं धरून चालतो. नांदेड-लातूरच्या इंजिनिअरिंगच्या पोरापोरींशी बोलताना दरवेळी हेच दिसतं की कोड लिहिताना कुणी अडत नाही, अडतात ते पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा बदल प्रकल्पात घ्या’ ही विनंती) टाकल्यावर. त्यामुळे सुरुवातीचं भराभर उरकतो.

काम निवडताना ‘रीडमीतलं एखादं स्पेलिंग बदला, झाला पहिला पीआर’ हा सल्ला कानाआड करा. 2020 च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (ओपन सोर्सला पीआर द्या, टी-शर्ट मिळवा असा महिनाभराचा उपक्रम) टी-शर्टसाठी असल्या निरर्थक पीआरचा पूर आला. शेवटी सहभागी व्हायला होकार दिलेल्या प्रकल्पांतलेच पीआर धरायचे, असा नियम आयोजकांना महिना सुरू असतानाच करावा लागला. त्यापेक्षा रोजच्या वापरातल्या सॉफ्टवेअरमध्ये जे खटकतं ते हातात घ्या. मराठीत काम करणाऱ्याला अशा जागा आपोआप सापडतात. ‘छत्रपती’ डोळ्यांना 4 अक्षरं दिसतो, पण युनिकोडमध्ये त्याचे 7 संकेतांक (संगणक प्रत्येक चिन्हाला देतो ते क्रमांक) होतात. अ‍ॅप संकेतांक मोजून नाव कापत असेल, तर तिसऱ्यावर ‘छत्’ एवढंच उरतं. गावांची यादी नुसत्या संकेतांकांनी लावली तर ‘ळ’ हा ‘व’च्या आधी येतो. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर आहे. देवनागरी न वाचणाऱ्या मेंटेनरला (प्रकल्प सांभाळणाऱ्याला) हे कधीच दिसणार नाही, तुम्हाला दिसेल. अशा कामाची प्रकल्पाला खरी गरज असते.

तोच इश्यू (प्रकल्पाच्या पानावरची अडचणीची नोंद) कुणी आधी नोंदवलाय का बघा. नसेल तर स्वतः नोंदवा, आणि बग कसा घडवून आणायचा ते पायरीपायरीने लिहा. प्रकल्पाची ‘कॉन्ट्रिब्यूटिंग’ फाइल पूर्ण वाचा, कारण सगळीकडे पीआर चालत नाही. लिनक्स कर्नलला पॅच (बदलांची फाइल) ईमेलने जातो, लिबरऑफिसला गेरिट या कोड तपासणीच्या साइटवरून.

क्लोन करताना, म्हणजे प्रकल्पाची प्रत आपल्या मशीनवर उतरवताना, मात्र जपा. परभणी-हिंगोलीकडे बऱ्याच जणांचं काम मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतं. डेटा वाचवायला ‘डेप्थ 1’ने (फक्त शेवटची नोंद घेऊन) क्लोन करा असं कुणीतरी सांगतं, आणि पुढचं फेचही (नवे बदल उतरवणं) तसंच केलं जातं. त्याने इतिहास तुटतो. मग रिबेसच्या वेळी गिटला दोन्ही बाजूंचा सामाईक पूर्वज सापडत नाही आणि तुम्ही हातही न लावलेल्या फाइलींत कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोन वेगळे बदल) निघतात. त्याऐवजी ‘--फिल्टर=ब्लॉब:नन’ वापरा. कमिटचा (बदलांच्या नोंदींचा) सगळा इतिहास येतो, जुन्या फाइलींचा मजकूर लागेल तेव्हाच उतरतो.

वेगळी ब्रँच (कोडची स्वतंत्र शाखा) काढा, बदल लहान ठेवा, टेस्ट लिहा, पीआर टाका.

आता तो टप्पा, जो मला सगळ्यांत जड गेला. आठ-पंधरा दिवसांनी मेंटेनर लिहितात, ‘प्लीज रिबेस’. तोवर मेन ब्रँच (प्रकल्पाची मुख्य शाखा) पुढे सरकलेली असते. रिबेस म्हणजे कांद्याचं रोप एका वाफ्यातून काढून दुसऱ्यात लावण्यासारखं आहे: तुमचे कमिट उचलून ताज्या मेनच्या टोकावर एकेक करून पुन्हा लावायचे. पीआर बंद करून नवा उघडायचा नाही. जुन्यावर झालेली सगळी चर्चा मागे राहते आणि तपासणाऱ्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दुसऱ्याच्या वेळेचा हा अनादर आहे, असं माझं ठाम मत आहे.

आधी ‘गिट ब्रँच जुनी-प्रत’ देऊन आहे त्या स्थितीला नाव द्या. हे न करता पुढे जाऊ नका. मग ‘गिट फेच अपस्ट्रीम’ आणि ‘गिट रिबेस अपस्ट्रीम/मेन’. इथे अपस्ट्रीम म्हणजे मूळ प्रकल्प, ओरिजिन म्हणजे तुमचा फोर्क, त्या प्रकल्पाची गिटहबवरची तुमची प्रत.

कॉन्फ्लिक्ट आला की बहुतेक जण इथेच फसतात. रिबेसमध्ये बाजू उलट्या असतात. ‘अवर्स’ म्हणजे मूळ प्रकल्पाचा कोड आणि ‘दियर्स’ म्हणजे तुमचा स्वतःचा. व्हीएस कोडमध्येही ‘करंट’ त्यांचा, ‘इनकमिंग’ तुमचा. आपलं तेच ‘करंट’ समजून बटण दाबलं, तर तुमचीच दुरुस्ती पुसली जाते. म्हणून बटणं दाबूच नका. ‘मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल’ला ‘झेडडिफ3’ द्या, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मधे मूळ मजकूरही दिसतो. ही सोय 2022 च्या गिट 2.35 पासून आहे. मूळ काय होतं, त्यांनी काय बदललं, तुम्ही काय बदललं, हे वाचून ओळी हाताने जुळवा. फक्त पॅकेज-लॉकसारखी आपोआप बनणारी फाइल हाताने जुळवू नका. मूळ प्रकल्पाची घ्या आणि पुन्हा तयार करा.

जुळवलं की ‘गिट अ‍ॅड’, मग ‘गिट रिबेस --कंटिन्यू’. मध्येच लाइट जाऊन लॅपटॉप बंद पडला तरी घाबरू नका. रिबेस कुठवर आलाय ते डिस्कवर लिहिलेलं असतं, ‘गिट स्टेटस’ दिलं की समजतं. फाइल तेवढी वरचेवर सेव्ह करत जा. पूर्ण गोंधळ झाला तर रिबेस सोडून आधीच्या स्थितीला जायला ‘--अबॉर्ट’ आहेच.

रिबेस संपला की टेस्ट पुन्हा चालवा. कॉन्फ्लिक्ट मिटला म्हणजे कोड बरोबर झाला असं नाही.

शेवटचा सापळा पुशचा. पुश म्हणजे आपले कमिट फोर्कवर पाठवणं. रिबेसने कमिट बदललेले असतात, म्हणून साधा पुश नाकारला जातो आणि गिट स्वतःच ‘पुल’ (फोर्कवरचे कमिट उतरवून आपल्यात मिसळणं) करण्याची सूचना देतं. ती इथे अजिबात मानायची नाही. पुल केलं की जुने कमिट नव्यांत मिसळतात आणि पीआरमध्ये प्रत्येक बदल दोनदा दिसतो. ‘गिट पुश --फोर्स-विथ-लीज’ द्या. नुसता ‘फोर्स’ नको. मेंटेनरनी तुमच्या ब्रँचवर एखादा कमिट टाकला असेल आणि तो तुम्ही अजून उतरवला नसेल, तर साध्या फोर्सने तो उडतो. ‘लीज’ असेल तर पुश अडतो. काही प्रकल्पांना तपासणी सुरू झाल्यावर फोर्स पुश चालत नाही, ते त्यांच्या नियमांत लिहिलेलं असतं.

मग पीआरवर एका ओळीत कळवा: रिबेस केला, अमुक फाइलमध्ये कॉन्फ्लिक्ट होता, असा सोडवला. ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरुवात करायची गरज नाही. दोन आठवडे उत्तर आलं नाही तर एकदाच नम्रपणे आठवण द्या. पीआर मर्ज झाल्यावर, म्हणजे बदल प्रकल्पात घेतला गेल्यावर, ती ब्रँच आणि ‘जुनी-प्रत’ दोन्ही काढून टाका. पुढच्या कामासाठी नवी ब्रँच अपस्ट्रीमच्या ताज्या मेनवरूनच काढा.